अर्धी मात्रा

तबकडी आली सारंगांच्या ट्रंकेतून,
दोन लुंग्या आणि बाल्टिमोरच्या गोदीत घेतलेली
एक बिनझाकणाची चहादाणी, यांच्यामध्ये दाबून.
मधला गोल कागद तांबडा होता म्हणतात.
मी पाहिला तेव्हा उरली होती
एका बाईच्या नावाची शेवटची दोन अक्षरं
आणि कडेला, बारीक, रिदम अँड ब्लूज.
बाकीचं वेंगुर्ल्याच्या हवेनं खाल्लं.
ती पत्रेही खाते. कागदाचं काय.

मी भोंगे भाड्यानं देतो.
लग्न, जत्रा, निवडणूक, मयताची घोषणा.
गाण्यांचे आईबाप विचारत फिरायची खोड मात्र फुकटची.

रुकय्या सारंग सहा वर्षांची होती,
बाप झोपलेला, तिनं स्वतः सुई ठेवली
आणि हात घसरला.
जिथं बाई श्वास घेऊन पुन्हा वर चढते
नेमकी तिथं चर पडली.
तेव्हापासून सुई तिथं उडी मारायची,
अर्धी मात्रा गिळून पुढे.
बापानं मारलं नाही. नुसतं म्हणाला,
आता हे आपलं झालं.

कायतान फर्नांडिस रोज संध्याकाळी
त्यांच्या गडग्याला टेकून ऐकायचा.
त्यानं कॉर्नेटवर बसवलं ते उडीसकट.
त्याला काय ठाऊक, ती चर आहे?
त्याला वाटलं, तिकडची लोकं अशीच गातात.
उभादांड्याच्या रोसला नारळाच्या रसानं निथळणारा नवरा
आणि भोवती सगळे त्या जागी पाय उचलायला शिकले.

मग तातू मेस्त्रीची पायपेटी.
दशावतारात राक्षस पडद्यामागून निघाला
की हीच चाल, झांजेसकट, दुप्पट लयीत.
राक्षस एक पाय वर धरून थबकायचा
आणि पुढची पोरं आईच्या पदरात.

शिरोड्याच्या बुवांनी तर डबलबारीत गजर लावला.
समोरचे बुवा उठले : चाल चोरलेली आसा!
हे म्हणाले, कोणाची ता सांग,
आत्ताच्या आत्ता परत करतंय.
पहाटेपर्यंत कुणालाच सांगता आलं नाही.

काजूच्या कारखान्यात मी स्वतः ऐकलं.
पायानं दांडा दाबायचा, बी फुटायची
ती बरोबर त्या गिळलेल्या मात्रेवर.
शब्द? शब्द नव्हतेच.
होती चिकानं काळी पडलेली बोटं आणि हुं हुं.

गेल्या मे महिन्यात कायतानच्या नातीला, फ्लेवियाला,
फोनवर ते अख्खं सापडलं.
कळलं की ती बाईही पहिली नव्हती.
तिच्याआधी कुणी पियानोवाला,
त्याच्याआधी एका देवळातली म्हातारी मंडळी.
बाईला एका दुपारचे रोख पैसे मिळाले.
आणि त्याच वर्षी कुणीतरी तेच गाणं
इस्त्री करून गायलं
आणि त्यावर बंगला बांधला.
आम्ही काय वेगळं केलं, मी म्हटलं.
फ्लेविया म्हणाली, तुम्ही बंगला नाही बांधला.

आणि ती अर्धी मात्रा?
तिच्यात एक शब्द होता.
इतकी वर्षं, इतक्या मांडवांत,
आम्ही त्याच्यावरून उडी मारून जात होतो.
फ्लेवियानं तीनदा ऐकला.
'थांब' असेल म्हणाली,
किंवा 'थांबू नको'. बाई तो शब्द अर्धा चावते.

रुकय्याला ऐकवलं.
आता कानाला यंत्र, गुडघ्याला पट्टा.
डोळे मिटून ऐकलं, त्या जागी कपाळाला आठी पडली.
हिचं चुकलं इथं, म्हणाली.

परवा मोचेमाडला लग्न होतं.
मी काही न सांगता मूळ गाणं लावलं.
ती जागा आली.
सगळ्यांचे पाय सवयीनं आधीच वर,
आणि भोंग्यात बाई अजून
तो शब्द म्हणत होती.
अख्खा मांडव
एका पायावर.